शकुनबाईच्या जावयाची पिशवी

शकुनबाई खोब्रागडेला लेक नाही. एकच मुलगा, विनोद, तोही पुण्याकडे कंपनीत. तरी गेल्या हिवाळ्यात तिच्या घरी जावई आला, आणि आला तो सरळ तिच्या पोटातून.

झालं असं, की आतड्यात गाठ झाली आणि वाट बंद पडली. एकोडीहून साकोली, साकोलीहून नागपूर, असं तिला गाडीत घालून नेलं. पोट फाडलं, गाठ काढली आणि आतड्याचं तोंड बेंबीच्या डाव्या अंगाला बाहेर आणून शिवलं. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. आता शौच तिथून होते, तिला न विचारता, आणि वर चिकटवलेल्या पिशवीत पडते. शुद्धीवर आल्यावर शकुनबाईनं खाली पाहिलं. लालभडक, ओलं, टमाट्याच्या फोडीसारखं काहीतरी पोटावर बसलं होतं. मग उशाशी बसलेल्या सुनेला, हर्षाला, म्हणाली, "हे आता इथंच राहाते म्हणते का डॉक्टर?"

"हो आत्या. कायमचं म्हणते."

"मंग हा जावईच झाला न. घरजावई."

तेव्हापासून तेच नाव पडलं. जावयाला भात चालतो, चणे चालत नाहीत. चणे खाल्ले की जावई चारचौघांत बोलतो. जावयाला रोज साफ लागतं, चार दिवसांनी नवे कपडे लागतात, आणि रुसला तर बसल्या जागी लाज काढतो. हे सगळं शकुनबाई स्वतःच हसून सांगायची, दुसऱ्या कोणी हसायच्या आत. तिचा स्वभावच तसा. कोणी आपल्यावर दया करावी यापेक्षा कोणी आपल्याशी भांडावं, हे तिला जास्त पटतं.

भांडायची तिला सवय होतीच. एकोडीतल्या रोवण्याची टोळी तिची. आमच्या झाडीपट्टीत धान लावायचं म्हणजे बाया लागतात. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायची, पेंढ्या बांधायच्या, आणि दिवसभर कंबरेत वाकून चिखलात दोन-चार रोपांची एकेक चूड खोचत मागे मागे सरायचं. बाया गोळा करायच्या, मालकाशी मजुरी ठरवायची, गाणं उचलायचं, हे टोळीच्या पुढारणीचं काम. शकुनबाईनं ते बारा-पंधरा वर्षं केलं. मजुरी ठरवताना समोर पाटील असो की माजी सभापती, ही बांधावर उभी राहून सांगायची, "परवडत असन त सांगा जी, नाही त तुमच्या घरच्या बाया उतरवा." गाडीत केबिनच्या मागची जागा तिची. तिथं दुसरी बाई बसत नसे. कोणी नियम केला नव्हता, पण बसत नसे.

पौषात नागपूरहून परत येताना तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. रोवण्याला मी त्या जागेवर बसून जाईन. डॉक्टरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सहा महिने वजन उचलू नका, मग हळूहळू वाका, पट्टा बांधा." म्हणजे नाही म्हणाला नव्हता. शकुनबाईनं तेवढं लक्षात ठेवलं.

पण वाकायचं म्हणजे पिशवी पोटाला पक्की चिकटलेली पाहिजे. आणि पिशवी पाहिजे तर आधी पिशवी मिळाली पाहिजे.

ऑपरेशन योजनेतून फुकट झालं. पिशव्या त्या यादीत नाहीत असं तिला सांगण्यात आलं. आतडं बाहेर काढायला सरकार आहे, त्यावर झाकण घालायला नाही. असं कोणी कागदावर लिहून देत नाही, खिडकीखिडकीवर उभं राहून माणसानं स्वतः शिकायचं असतं. नागपूरहून निघताना दिलेलं सामान होळीच्या आधीच संपलं. विनोदनं पुण्यात दुकानात विचारलं आणि भाव सांगून फोन ठेवून दिला. मग कोणीतरी सांगितलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मागणी करता येते, माल आला की फुकट मिळतो. दवाखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. खिडकी सगळीकडे सारखीच असते.

तिथं चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर मंगळवारी बसायचा आणि औषधभांडाराची खिडकी या कामासाठी गुरुवारी उघडायची. दोन्ही एकाच दिवशी का नाही, हे शकुनबाईनं विचारून पाहिलं. पहिल्यापासून असंच आहे, असं कळलं. एकोडीहून साकोली, साकोलीच्या स्टँडवर बसची वाट, मग हायवेनं पुढे, आणि पोटावर पिशवी नसल्यानं दुधाच्या प्लास्टिकमध्ये बांगडी अडकवून, वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. बसमध्ये ती खिडकीशीच बसायची आणि पावसाळा असो की उन्हाळा, काच उघडी ठेवायची.

पहिल्यांदा चिठ्ठी जुनी निघाली. दुसऱ्यांदा चिठ्ठीवर माप लिहायचं राहिलं. तिसऱ्यांदा खिडकीतून पिशवी मिळाली. शकुनबाईनं ती बाहेर उजेडात नेऊन पाहिली, तर तिला लांब नळी. लघवीची पिशवी.

ती परत फिरली. भांडाराच्या खिडकीत भैय्यालाल बिसेन बसतो. गोरा, जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस. शकुनबाईनं पिशवी जाळीतून आत सरकवली.

"भाऊ, जावई कुठून बोलते ते तरी विचारून घ्या. हे दुसऱ्या दारचं हाये."

"कोण जावई?" भैय्यालालनं चष्मा वर केला.

तिनं सांगितलं. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. भैय्यालाल हसला नाही. "ती दुसरी पिशवी म्हणता का? तिचा पुरवठा नाही, बाई."

"कवापासून नाही?"

"वरूनच नाही."

"वरून म्हणजे? आभाळातून पडते का?"

"मागणी पाठवली हाये. आली का मिळन."

"भाऊ," शकुनबाई जाळीला तोंड लावून म्हणाली, "तुमाले सकाळी जायची वेळ असते. माह्याकडे वेळ नाही, ते कवाही येते. मी आता ह्या बाकावर बसून राहिली. भरलं का तुमालेच हाक मारीन, कुठं रिकामं करू म्हणून."

आणि ती बसली. खिडकी बंद व्हायची वेळ झाली तरी उठली नाही. भैय्यालालनं दोनदा मान बाहेर काढून पाहिलं. तिसऱ्यांदा वैतागून आत गेला आणि पुरवठादाराला तिच्यासमोर फोन लावला. माप विचारलं. तिनं सांगितलं. परत एकदा विचारलं, तिनं परत सांगितलं.

मृग लागता लागता बोलावणं आलं. या वेळी खोकं मिळालं, दसऱ्यापर्यंत पुरेल इतकं. चिकटणाऱ्या चकत्या वेगळ्या, त्यावर बसणाऱ्या पिशव्या वेगळ्या. तिथल्या वॉर्डातल्या टीना सिस्टरनं जवळच्या सात-आठ सुट्या चकत्या दिल्या, म्हणाली, "आधी ह्या वापरा, मग खोकं फोडा." शकुनबाई खोकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय नेऊन राहिली वो, मिठाई?" ती म्हणाली, "जावयाचा आहेर."

घरी येऊन ती आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली.

मंगरू, तिचा नवरा, फार बोलणारा माणूस नाही. बोलायचं काम लग्न झाल्यापासून त्यानं बायकोकडे दिलेलं. तो मजुरीला जातो, तलावाच्या पाटात जाळं लावून बारकी मासळी आणतो, घरातली मोडतोड दुरुस्त करतो. बायको झोपलेली पाहून त्यानं खोकं हातात घेतलं आणि घरभर फिरला. पावसाळ्यात त्यांचं घर ओल धरते. भिंतीला हात लावला तर हात ओला, काडीपेटीची काडी दुसऱ्या दिवशी पेटत नाही. पेटीत ठेवावं तर पेटीखाली पाणी येते. फळीवर ठेवावं तर उंदीर. घरात एकच जागा अशी, जिथं ना ओल ना उंदीर ना कीड. चुलीवर टांगलेलं शिंकं. भोपळ्याचं बी, वालाचं बी, लसणाची जुडी, सुकी मासळी, जे म्हणून जिवापाड जपायचं ते सगळं त्याची माय आणि मायची सासू त्याच शिंक्यात ठेवत आल्या. धुरात बियाणं वर्षभर टिकते. मंगरूनं लसूण एका अंगाला सारला आणि खोकं मधोमध, मानाच्या जागी बसवलं.

सकाळी शकुनबाईनं वर पाहिलं. बरं केलं म्हणाली. हर्षाही पाहून गेली. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. येणार कसं?

सिस्टरनं दिलेल्या चकत्या संपेपर्यंत पऱ्हे लावायला झाले. रोवण्याच्या पहिल्या दिवशी शकुनबाईनं खोकं खाली काढलं, नवी चकती लावली, वरून पट्टा बांधला, लुगडं घट्ट न बांधता जरा वर बांधलं. गावातल्या छोट्या हत्ती टेम्पोत बाया चढल्या. केबिनमागची जागा रिकामी होती. ती तिथं बसली. जनाबाई मेश्राम, तिची जुनी जोडीदारीण, समोरून तिच्याकडे पाहून हसली.

"जावई आला का सोबत?"

"त्याले कुठं सोडू? घरी राहात नाही म्हणते."

गाडी साकोली रस्त्याला लागली असेल नसेल, शकुनबाईला पोटाशी गरम लागलं. आधी वाटलं घाम असेल. मग गाडीनं एक खड्डा घेतला आणि लुगड्याच्या आतून ओलं मांडीपर्यंत आलं. वास उठला. एका नव्या पोरीनं पदर नाकाला लावला, मग कुणी लावायचा नसतो हे आठवल्यासारखा काढला. ते शकुनबाईनं पाहिलं. पदर लावला ते एक, आणि काढला ते दुसरं. दुसरं जास्त लागलं.

"ड्रायव्हर, थांबव रे बापू," जनाबाई ओरडली. "मले जायचं हाये. शकुन, चाल वो माह्यासोबत, बोडीत मी एकटी नाही जात."

दोघी उतरल्या. बोडी म्हणजे आमच्याकडलं लहानसं तळं. काठच्या झुडपाआड शकुनबाईनं पट्टा सोडला. चकती एका बाजूनं पापडासारखी उचलून आली होती.

"रुसला का?" जनाबाईनं पाणी ओतत विचारलं.

"त्याचा कपडाच खोटा निघाला."

"तू घरी जा. आज मी पाहून घेते."

"पाह्य," शकुनबाई म्हणाली. "त्या जागेवर बस."

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी चकती लावली. ती अंगणातच सुटली. तिसरी लावली, ती चुलीशी बसल्याबसल्या. खालची कातडी लाल झाली, मग सोलवटली, पाणी लागलं तरी झोंबायला लागली. सकाळी गाडीचा हॉर्न वाजला की ती मागच्या परसात जाऊन बसायची. बाया हाका मारत नव्हत्या. एकदा मारली होती हाक, मग हर्षानं बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं. केबिनमागच्या जागेवर जनाबाई बसत होती. ती चांगली बाई आहे. पण जागा म्हणजे जागा; दोन रोवणे कोणी बसलं की ती त्याची होते.

शकुनबाईचं डोकं फिरलं. गरिबाला फुकट म्हटलं की बोगसच द्यायचं. इतके हेलपाटे, इतकी चिठ्ठ्यांची नाटकं, आणि हातात काय, तर न चिकटणारा डिंक. गुरुवारी तिनं सुटलेल्या चकत्या आणि न वापरलेल्या काही, सगळ्या फडक्यात बांधल्या, पोटाला परत दुधाची पिशवी बांधली आणि निघाली. पाऊस बारीक लागून होता. साकोलीच्या स्टँडवर बस उशिरा आली. उभं राहून राहून पाय भरून आले होते, पण राग होता म्हणून ती उभी होती. राग नसता तर घरीच बसली असती.

खिडकीवर रांग होती. ती रांगेत राहिली नाही.

"घ्या," तिनं फडकं जाळीतून आत ढकललं. "तुमचा सरकारी माल. नाव काय त्या पुरवठादाराचं? मले पाहिजे. मी कागद टाकीन, वर टाकीन, पार वर. माणसाच्या आतड्याची थट्टा लावून राहिले तुम्ही."

"बाई, आवाज—"

"आवाज काहून नाही? जावई बोलते तर मी बोलू नाही का? चाळीस बायात माह्यं लुगडं घाण केलं ह्या तुमच्या चकतीनं. चिकटवून दाखवा मले. तुमच्या पोटाले लावा न दाखवा."

भैय्यालालनं फडकं सोडलं. एक चकती उचलली, मागचा कागद सोलला, बोटानं दाबली. बोट कोरडंच राहिलं. त्यानं चकती नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग आत जाऊन तसंच दुसरं खोकं घेऊन आला, त्यातली एक फोडली, अंगठा लावला. अंगठ्यासोबत चकती उचलून आली. त्यानं ती झटकून पाहिली, पडेना.

"एकाच वेळचा माल हाये, बाई. सोबतच आलता," तो म्हणाला. मग आवाज जरा उतरवून, "तुमच्या चकतीले मासळीचा वास येऊन राहिला. सुकटीचा. न धुराचा."

मागं कुणीतरी खुसखुसलं. भैय्यालालनं चष्म्यावरून त्या दिशेला पाहिलं, खुसखुस थांबली. "कुठं ठेवता घरी?"

शकुनबाईच्या तोंडात दिवसभर रचून आणलेलं पुष्कळ होतं. पण तिला शिंकं दिसलं. चूल दिसली. लसूण बाजूला सारून मधोमध बसवलेलं खोकं दिसलं.

"घरातच," ती म्हणाली.

"गरमीच्या जागी?"

"चुलीवर. मीच ठेवलं. ओल लागते म्हणून."

भैय्यालालनं मान हलवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं. तो नुसता म्हणाला, "मावशी, दसऱ्यापर्यंतचं तुमच्या नावावर चढलं हाये. परत द्यायचं तर डॉक्टरनं नव्यानं लिहिलं पायजे, का खराब झालं म्हणून."

"डॉक्टर मंगळवारी."

"हो. मंगळवारी."

तिनं फडकं परत बांधलं. मागच्या माणसाला वाट दिली.

वॉर्डात टीना सिस्टरनं तिला पडद्याआड घेतलं. पोट पाहून जिभेनं चक केलं. खारट पाण्यानं हलक्या हातानं धुतलं, पावडर टाकली, वारा लागू दिला. मग कपाटातून एक पुडकं काढलं.

"हे घ्या. चार आहेत. बपेऱ्याचे एक बाबा होते, त्यांच्या आहेत. गेले ते मागच्या महिन्यात. त्यांचा मुलगा येऊन देऊन गेला, कुणाच्या कामी येतील म्हणून."

शकुनबाईनं पुडकं उलटसुलट केलं. "माप लागते का?"

"भोक थोडं कापावं लागेल. मी कापून दाखवते. आणि कातडी भरेपर्यंत चिखलात जायचं नाही. ऐकताय ना?"

"बपेऱ्याहून इथंपर्यंत यायचे का ते?"

"यायचे. तुमच्यासारखेच. त्यांचाही आवाज मोठा होता."

कसे येत असतील, शकुनबाईच्या मनात आलं. तिकडून तुमसरला, मग पुढे. त्याही बसची काच उघडी ठेवत असेल म्हातारा. तिला त्याचं नाव विचारावंसं वाटलं, पण ती फार थकली होती. एखादं नाव कळलं की ते घरी घेऊन जावं लागतं.

घरी आली तेव्हा मंगरू चुलीत लाकूड सरकवत होता. धूर शिंक्यापर्यंत चढत होता.

"बदलून देल्या का?"

"देतील. मंगळवारी चिठ्ठी लागते म्हणते."

तिनं हात उंच करून खोकं काढलं. उरलेल्या पिशव्या अजून चालण्यासारख्या होत्या, गेल्या होत्या त्या चकत्या. तिनं पिशव्या पुसल्या, आपल्या चांगल्या साड्यांच्या पेटीत ठेवल्या, पेटी विटांवर उचलायला हर्षाला हाक मारली. मंगरू पाहत होता.

"तिथं ओल लागन," तो म्हणाला.

"विटा घातल्या न. शिंक्यावर मले हात पुरत नाही जी. पोट ताणते."

एवढंच. जिनं पाटलाला कधी सोडलं नाही, भैय्यालालला सोडलं नाही, तिनं एवढंच सांगितलं. मंगरू उठला, शिंक्यात हात घातला, एक मासळी काढली, नाकाशी नेली. मग परत ठेवली. रात्री जेवला थोडंच.

मंगळवारी पहाटे ती निघाली तर हा धुतलेला सदरा घालून दारात उभा.

"तुम्ही कुठं?"

"येतो."

"तुमाले तिथं बोलता येते का?"

"नाही येत," मंगरू म्हणाला. "उभा राहीन."

डॉक्टर तरुण होता, रांग लांब होती, त्यानं मान वर न करता विचारलं, "खराब कशा झाल्या?" शकुनबाईनं तोंड उघडलं. त्याआधी मागून आवाज आला, इतका बारीक की डॉक्टरला मान वर करावी लागली.

"चुलीवर ठेवल्या होत्या जी. म्या ठेवल्या. तिनं नाही. बियाणं तिथंच टिकते न, म्हणून."

डॉक्टरनं मंगरूकडे पाहिलं, मग शकुनबाईकडे. लिहिलं. माप लिहिलं का, हे तिनं वाकून पाहिलं. लिहिलं होतं.

गुरुवारी भैय्यालालनं चिठ्ठी घेतली, मागणी चढवली. "श्रावण सरते आता यायला," म्हणाला. "आलं का फोन करीन. सावलीत ठेवा मावशी." तिनं मान डोलावली. भांडायला काही नव्हतं. त्या दिवशी बाकावर बसून जिंकलेलं सगळं खोकं धुरात गेलं होतं, आणि आता परत बपेऱ्याच्या म्हाताऱ्याच्या चार चकत्यांवर दिवस काढायचे होते.

त्यातल्या दोन कातडी भरेपर्यंत गेल्या. दिवसभर घरात पडून राहायचं, वारा लागू द्यायचा, पावडर टाकायची. रोज सकाळी हॉर्न वाजायचा, दूर जायचा. चिखलाच्या वासाचा वारा सगळीकडून यायचा. हर्षा म्हणायची, आत्या, पुढच्या वर्षी. शकुनबाई कूस बदलायची. पुढच्या वर्षीपर्यंत जनाबाईची जागा पक्की झाली असती, आणि टोळीनं तिच्याकडे चहा प्यायला घरी येणं सुरू केलं असतं. आजारी बाईला भेटायला येतात तसं.

रोवण्याचा शेवटचा दिवस उरला तेव्हा तिनं तिसरी चकती काढली. दोन्ही तळहातांमध्ये धरून ऊब दिली, सिस्टरनं दाखवलं तसं भोक कापलं, कोरड्या कातडीवर दाबून बराच वेळ धरून ठेवली. हर्षानं पट्टा बांधला. हॉर्न वाजला तेव्हा ती परसात गेली नाही.

बायांनी तिला चढताना पाहिलं. केबिनमागं जनाबाई बसली होती. शकुनबाई मागच्या फाळक्याशी, नव्या पोरींमध्ये बसायला लागली.

"अवं, इकडं ये न," जनाबाई म्हणाली. "तिथं धक्के लागतात. जावई जागा होईन."

"बस तू."

"मी बसून बसून कंटाळली. त्या कोपऱ्यात डिझेलचा वास येते. माह्यं डोकं दुखते." आणि ती उठून फाळक्याशी आली. पदर नाकाला लावणारी ती पोरगी सरकली, शकुनबाईचा हात धरून तिला पुढं जाऊ दिलं.

बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरल्यावर पहिली ओळ तिनं धरली. मग लक्षात आलं, हात जुने आहेत पण पोट नवं आहे. वाकलं की पट्टा रुततो, दम लागतो, आणि कान सतत पोटाकडे. प्रत्येक चुडीला एकदा थांबून अंदाज घ्यायचा, ओलं लागलं का. तीन ओळी लावल्या आणि टोळी तिच्या पुढं निघून गेली. तिच्या उभ्या आयुष्यात टोळी तिच्या पुढं गेली नव्हती. ती बांधावर येऊन बसली. कोणी काही म्हणायच्या आत तिनं तिथूनच गाणं उचललं. आवाज पहिल्यासारखा चढला नाही, मधेच तुटला. जनाबाईनं खालून धरला आणि बायांनी पुढं नेला. दुपारनंतर ती अजून दोन ओळी लावून आली. मजुरीचं बोलणं मालकाशी तिनंच केलं, बसल्या जागेवरून.

संध्याकाळी घरी आली तेव्हा मंगरूनं मोरीत गरम पाणी ठेवलं होतं. ती पायरीवरच बसली. पायाचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

"टिकली का?" त्यानं विचारलं.

"टिकली."

"वाकली का?"

"थोडीशी." तिनं डोळे मिटले. "बपेऱ्याची एक उरली आता. भैय्यालालचा फोन आला का?"

"नाही आला."

"मंग उद्या गुरुवार हाये. जाऊन विचारा लागन."

"मी येतो," मंगरू म्हणाला.

"चाला. पण तिथं बोलू नका," शकुनबाई म्हणाली. "त्या दिवशी बोलले तेवढं पुरे झालं तुमचं वर्षाचं."